आर्ट थेरपीत काढलेलं चित्र नक्की कोणाचं?

ड्रॉइंगच्या क्लासमध्ये काढलेलं चित्र पोरगं घरी आणतं, आई फ्रिजवर चिकटवते, फोटो काढून आत्याला पाठवते, विषय संपला. आर्ट थेरपीच्या, म्हणजे चित्र काढून किंवा मातीकाम करून केल्या जाणाऱ्या मानसिक उपचाराच्या, सेशनमध्ये मात्र कोणीतरी वडिलांचा चेहरा काढून मग तो काळ्या खडूने कागद फाटेपर्यंत गिरवलेला असतो, किंवा मातीचं छोटंसं बाळ करून ते डब्यात झाकण लावून ठेवलेलं असतं. ते कुठे जाणार? फ्रिजवर तर नक्कीच नाही. मग थेरपिस्टच्या कपाटात, हॉस्पिटलच्या फाइलमध्ये, की क्लायंटच्या पिशवीत? आणि चार-पाच वर्षांनी तोच माणूस परत येऊन म्हणाला की मॅडम माझी चित्रं द्या, तर द्यायची का, आणि तोवर ती जागेवर असतील का?

बहुतेक लोक पटकन म्हणतात, त्यात काय, ज्याने काढलं त्याचं. मलाही तेच बरोबर वाटतं. पण प्रॅक्टिसमध्ये घोळ होतो कारण "कोणाचं" या एका प्रश्नात तीन वेगळे प्रश्न अडकलेत. तो कागद किंवा ती मातीची वस्तू कोणाच्या ताब्यात राहणार हा एक. त्या चित्राची कॉपी काढायचा, छापायचा, दाखवायचा हक्क कोणाचा हा दुसरा, म्हणजे कॉपीराइट. आणि त्या चित्रातून त्या माणसाबद्दल जे कळतं ते कोणाला कळू द्यायचं हा तिसरा, म्हणजे गोपनीयता. तिन्हींची उत्तरं वेगवेगळी येऊ शकतात. कागद थेरपिस्टकडे, कॉपीराइट क्लायंटचा आणि बघायची परवानगी फक्त त्या दोघांना, असंही चालतं. भांडणं होतात ती एकाचं उत्तर दुसऱ्याला लावल्यामुळे, म्हणजे "फाइल आमच्याकडे आहे ना, मग आम्ही कॅलेंडरवर छापलं तर काय झालं?" या टाइपची.

हे किती लांबपर्यंत जाऊ शकतं त्याचं एक उदाहरण सांगते. मार्टिन रामिरेझ नावाचा मेक्सिकन माणूस १९२५ मध्ये पोटासाठी अमेरिकेत गेला, रेल्वेत आणि खाणीत राबला, मंदीत काम गेलं, १९३१ मध्ये कॅलिफोर्नियात पोलिसांनी उचलून मेंटल हॉस्पिटलमध्ये टाकला आणि १९६३ मध्ये वारला तोही हॉस्पिटलमध्येच. आतमध्ये तो मिळेल तो कागद एकाला एक चिकटवून त्यावर चित्रं काढायचा, बोगदे, आगगाड्या, घोडेस्वार. सुरुवातीला स्टाफ ते कचरा समजून फेकून द्यायचा. मग टार्मो पास्टो नावाच्या एका प्रोफेसरने ती जपायला सुरुवात केली, शेकडो चित्रं, आणि त्याने जपली म्हणूनच आज ती आहेत हे मान्यच करायला हवं. पण पुढे १९६८ नंतर जिम नट हा आर्टिस्ट आणि फिलिस काइंड ही गॅलरीवाली यांनी पास्टोकडची बहुतेक चित्रं विकत घेतली, तिथून ती बाजारात गेली, म्युझियममध्ये गेली, २०१५ मध्ये तर अमेरिकेच्या पोस्टाने त्यांची तिकिटंसुद्धा काढली. या सगळ्या व्यवहारात मेक्सिकोतल्या बायकापोरांना कोणी विचारलंच नव्हतं, वारसांच्या हक्काचा विषय गाजला तो त्याच्या मरणानंतर चाळीसेक वर्षांनी. आता ही काही थेरपी नव्हती आणि पास्टोही त्याचा थेरपिस्ट नव्हता, पण ज्याने जपलं तो मालक झाला का, हा प्रश्न तोच आहे.

दुसरं उदाहरण जर्मनीचं, आणि ते जास्त अंगावर येतं. हायडेलबर्गच्या क्लिनिकमध्ये हान्स प्रिन्झहॉर्न या डॉक्टरने १९१९ पासून दोन-तीन वर्षांत वेगवेगळ्या असायलममधून, म्हणजे मनोरुग्णालयांतून, पेशंटची पाच हजाराच्या आसपास चित्रं आणि वस्तू गोळा केल्या आणि १९२२ मध्ये त्यावर पुस्तक काढलं. पेशंटची खरी नावं झाकायला त्याने टोपणनावं दिली, हेतू चांगलाच होता. पुढे नाझींनी यातलीच काही कामं उचलून त्यांच्या "भ्रष्ट कले"च्या फिरत्या प्रदर्शनात मॉडर्न आर्टिस्टांच्या चित्रांशेजारी लावली, बघा वेड्यात आणि यांच्यात काही फरक आहे का असं म्हणायला. पुस्तकात ज्याला "पोल" हे नाव दिलं होतं तो फ्रांझ कार्ल ब्यूलर १९४० मध्ये नाझींच्या पेशंट मारण्याच्या मोहिमेत मारला गेला. चित्र एकदा खोलीबाहेर गेलं की ते कोणाच्या भिंतीवर, कशाच्या शेजारी आणि कोणत्या मथळ्याखाली लागेल यावर तुमचा कंट्रोल राहत नाही, मग बाहेर नेणाऱ्याचा हेतू कितीही चांगला असो.

आता आपल्याकडचा कायदा. आर्ट थेरपीसाठी म्हणून वेगळा कायदा नाही, त्यामुळे इकडचं तिकडचं जोडून वाचावं लागतं. कॉपीराइट ॲक्ट १९५७ चा, आणि त्यात चित्राला कलात्मक दर्जा असो वा नसो ते कलाकृतीच, असं चक्क लिहिलंय. म्हणजे सहा वर्षांच्या पोराच्या गिचमिडीलाही तेच संरक्षण. कलम १७ प्रमाणे पहिला मालक म्हणजे ज्याने काढलं तो. याला अपवाद आहेत, नोकरीचा भाग म्हणून काढलं असेल तर मालक कंपनी, किंवा कोणी पैसे देऊन पेंटिंग काढून घेतलं असेल तर पैसे देणारा. इथे काही थेरपिस्ट म्हणतात की अहो विषय तर मीच दिला होता ना, "तुमचं घर काढा" असं मीच सांगितलं! पण तुम्ही त्या चित्राचे पैसे कुठे दिलेत, उलट फी तर क्लायंटने तुम्हाला दिलीय, त्यामुळे तो अपवाद लागू होत नाही. कॉपीराइट दुसऱ्याला द्यायचा तर लेखी लागतो, तोंडी "वापरा हो" पुरत नाही, आणि तो टिकतो माणूस गेल्यानंतरही ६० वर्षं.

मजेशीर अडचण येते ती दोघांनी मिळून काढलेल्या चित्राची. डोनाल्ड विनिकॉट हा ब्रिटिश डॉक्टर मुलांबरोबर एक खेळ खेळायचा, एकाने वेडीवाकडी रेघ मारायची, दुसऱ्याने तिचं काहीतरी करायचं, मग उलट. असे कागद खरंच दोघांचे. ग्रुप थेरपीत आठ जणांनी मिळून भिंतभर कागद रंगवला तर आठांचे. त्याचे तुकडे करून वाटायचे का, हे शेवटच्या सेशनमध्ये ठरवायला बसलात तर अख्खं सेशन त्यातच जातं (तसं ते जाणंही कधीकधी चांगलंच असतं म्हणा).

कॉपीराइट विकला तरी न सुटणारा अजून एक हक्क कलम ५७ मध्ये आहे, आपलं नाव लागावं आणि आपल्या कामाची मोडतोड करून आपली बदनामी होऊ नये असा. शिल्पकार अमरनाथ सहगल यांचं दिल्लीच्या विज्ञान भवनातलं मोठं ब्राँझचं म्युरल सरकारने १९७९ मध्ये उतरवून गोदामात टाकलं आणि त्याचे हाल झाले. २००५ मध्ये दिल्ली हायकोर्टाने उरलेले तुकडे त्यांना परत द्यायला सांगितलं आणि वर पाच लाखांची भरपाई दिली. वस्तू सरकारची होती, पैसे देऊन करून घेतलेली होती, तरी. कोणी थेरपीतल्या चित्रावरून असा दावा केलाय असं मी म्हणत नाहीये, पण "आमच्या कपाटात होतं, आम्ही फेकलं" हे उत्तर वाटतं तितकं भक्कम नाही.

मग थेरपिस्टकडे चित्र ठेवलं तर त्याचं नातं काय? लॉन्ड्रीत कपडे दिले म्हणून ते लॉन्ड्रीवाल्याचे होत नाहीत, आणि त्याने जाळले तर तो "तुमचेच होते ना" असं म्हणू शकत नाही, तसंच काहीसं. १८७२ च्या काँट्रॅक्ट ॲक्टमध्ये दुसऱ्याची वस्तू सांभाळायला घेतल्यावर साधारण शहाणा माणूस स्वतःची जशी जपेल तशी जपायची अशी जबाबदारी आहे. कागद-रंग थेरपिस्टने आणलेले असतात म्हणून यात वाद घालता येईल, पण तो वाद जिंकूनही हातात काय येतं, पाच रुपयांचा कार्ट्रिज पेपर.

अमेरिकन आर्ट थेरपी असोसिएशनची आचारसंहिता मला यात बरी वाटते. चित्रं क्लायंटला थेरपी चालू असताना किंवा संपल्यावर देता येतात, उपचाराच्या दृष्टीने योग्य असेल तेव्हा, आणि फाइलमध्ये फोटो किंवा कॉपी ठेवली असेल तर ते त्याला सांगायचं. म्हणजे गुपचूप ठेवायचं नाही. हे साधं वाटतं पण होतं उलटंच, क्लायंट बाहेर पडला की लगेच मोबाइलवर फोटो, आणि त्याला पत्ताच नाही.

मोबाइलचं बोलायलाच हवं, कारण आजकाल चित्र कपाटातून फुटत नाही, फोनमधून फुटतं. तुम्ही सेशननंतर फोटो काढला, तो आपोआप क्लाउडवर गेला, घरच्या टॅबला तेच अकाउंट आहे, संध्याकाळी तुमची मुलगी गॅलरी चाळतेय आणि तिच्या बर्थडेच्या फोटोंमध्ये मधेच कोणाच्या तरी आत्महत्येच्या विचारांचं चित्र. सुपरव्हिजनसाठी, म्हणजे अनुभवी थेरपिस्टशी केसवर बोलण्यासाठी म्हणून, व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलं तर जेवढे मेंबर तेवढ्या फोनमध्ये. आणि नवीन फॅड म्हणजे चित्र एआयला देऊन "यातून काय दिसतंय सांग" असं विचारणं. त्यातून येणाऱ्या उत्तराची किंमत काय हा वेगळा विषय, पण दुसऱ्याचं खाजगी चित्र तुम्ही एका कंपनीच्या सर्व्हरवर चढवलंत आणि ज्याचं आहे त्याला विचारलं नाहीत, एवढं तरी कळायला हवं. कामासाठी वेगळा फोन किंवा साधा कॅमेरा, बॅकअप बंद, आणि फोटो काढायच्या आधी विचारायचं. ऑनलाइन सेशनमध्ये तर चित्र क्लायंटच्याच घरी राहतं, तिथे स्क्रीनशॉट घ्यायच्या आधीही विचारायचं, आणि हेही विचारायचं की घरात हे कुठे ठेवणार आहात, कारण दोन खोल्यांत सहा माणसं राहत असतील तर वही लपवायला जागा नसते.

गोपनीयतेचा आपल्याकडचा आधार म्हणजे मेंटल हेल्थकेअर ॲक्ट २०१७. कलम २३ मध्ये मानसिक आजार असलेल्या माणसाची माहिती गुप्त ठेवायची जबाबदारी आहे, कलम २४ प्रमाणे हॉस्पिटलमध्ये उपचार घेणाऱ्याचा फोटो किंवा कुठलीही माहिती त्याच्या संमतीशिवाय मीडियाला देता येत नाही, आणि कलम २५ त्याला स्वतःचे रेकॉर्ड बघायचा हक्क देतं. याचा एक परिणाम लोक विसरतात, तुम्ही चित्राला क्लिनिकल रेकॉर्ड म्हणून फाइलला लावलंत तर ते बघायला मागायचा हक्कही त्याच्याबरोबर आला. रेकॉर्डही म्हणायचं आणि दाखवणार नाही असंही म्हणायचं, असं दोन्ही बाजूंनी चालत नाही.

आता रोजची हाताळणी, जी कोणी नीट शिकवत नाही. प्रत्येकाचं वेगळं फोल्डर, कुलपाचं कपाट. मागच्या बाजूला तारीख आणि कोड, पुढच्या बाजूला काहीही लिहायचं नाही, आणि वरची बाजू कुठली ते खूण करून ठेवायचं, कारण महिनाभराने एखादं चित्र तुम्ही उलटं धरून बघता आणि त्यावर विचार करत बसता. नाव क्लायंटने जे दिलं तेच लिहायचं, आपल्याला सुचलेलं "दुःखी झाड" वगैरे नाही. ऑइल पेस्टल घासलं की पुढच्या कागदाला लागतं म्हणून मध्ये बटर पेपर. मुंबईत किंवा कोकणात जून ते सप्टेंबर म्हणजे परीक्षाच, पोस्टर कलरचे कागद दमट हवेत एकमेकांना चिकटतात, बुरशी येते, कसर लागते. न भाजलेल्या मातीच्या वस्तू तडकतात, तर ते आधीच सांगून ठेवायचं, नाहीतर क्लायंट पुढच्या आठवड्यात येतो आणि त्याच्या मातीच्या आईची मान मोडलेली असते, आणि मग ती कशी मोडली याचा अर्थ तो लावणारच. एकाचं चित्र दुसऱ्या क्लायंटला दिसेल असं टेबलावर वाळत ठेवायचं नाही. जागा कमी असेल तर छोटे कागद द्या, पण जागा नाही म्हणून न विचारता फेकू नका.

हे सगळं इतकं ताणायचं कारण असं की चित्र कसं ठेवलं जातं हे क्लायंट बारकाईने बघत असतो. जॉय शावेरियन या ब्रिटिश आर्ट सायकोथेरपिस्टने यावर बरंच लिहिलंय, की माणूस नको असलेल्या भावना चित्रावर टाकतो, चित्राला एक प्रकारे बळीचा बकरा करतो, आणि मग त्या चित्राचं काय करायचं हा उपचाराचाच भाग होतो. म्हणून कोणी म्हणालं मला हे फाडायचंय, तर माझं मत सरळ आहे, त्याचं आहे, त्याला फाडू द्या. फक्त लगेच नको, आधी थोडं बोला, आठवडाभर ठेवून मग फाडलं तर चालेल का विचारा, कारण रागाच्या भरात फाडलेलं चित्र नंतर हवंसं वाटलं असं सांगणारे लोक असतात. कोणी जाळतं, कोणी माती परत पाण्यात विरघळवतं. "तू फाडशील म्हणून मी आधीच फोटो काढून ठेवलाय" हे मात्र मला विश्वासघातासारखं वाटतं. जिवाला धोका दिसतोय किंवा कायद्याचा प्रश्न आहे तिथे वेगळं, पण तिथेही सांगून.

कायद्याचा प्रश्न म्हणजे मुख्यतः मुलं. मुलाने चित्रातून आणि बोलण्यातून लैंगिक अत्याचाराचं सांगितलं तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याखाली पोलिसांना किंवा बाल पोलीस पथकाला कळवणं बंधनकारक आहे, कलम १९, आणि न कळवणं हा गुन्हा. अशा वेळी मूळ चित्र जपायचं आणि संशयित घरातलाच असेल तर ते घरी पाठवायचं नाही. पण याचा अर्थ चित्रात एखादा लांबट आकार दिसला की धावत सुटायचं असाही नाही. एकटं चित्र पुरावा नसतं, मूल काय म्हणालं ते त्याच्याच शब्दांत लिहून ठेवणं जास्त कामाचं. फॅमिली कोर्टात ताब्याचं भांडण चालू असेल तर दोन्ही बाजूंचे वकील चित्रं मागतात, "बघा, वडिलांना किती छोटं काढलंय" असं म्हणायला. म्हणून असं काही चालू आहे का ते पहिल्याच भेटीत विचारलेलं बरं.

रोजचा ताप मात्र वेगळाच. दार उघडलं की बाहेर आई उभी, "बघू बघू काय काढलं आज?" आणि मग "अरे घोडा असा असतो का!" पालकांचा हेतू वाईट नसतो, पैसे भरलेत, काहीतरी दिसायला हवं असं वाटतं. १८ वर्षांखालच्या मुलासाठी कागदोपत्री संमती पालकांचीच लागते हे खरं, पण रोज चित्र बघायला मिळणं हा त्या संमतीचा भाग नाही हे सुरुवातीलाच प्रेमाने सांगून टाकायचं. चित्रं फोल्डरमध्ये राहतील, मूल स्वतःहून दाखवेल तेव्हा बघा, आणि बघितलं तर "छान आहे"पण म्हणू नका आणि "हे काय"पण म्हणू नका, "याबद्दल सांग ना" एवढंच.

प्रदर्शनांबद्दल माझं मत जरा कडक आहे. दर १० ऑक्टोबरला, जागतिक मानसिक आरोग्य दिनाला, संस्थांना पेशंटची चित्रं लावायची हौस येते. लावू नयेत असं नाही, काही जणांना स्वतःचं काम भिंतीवर बघून खरंच उभारी येते. पण संमती देणारा माणूस वॉर्डमध्ये आहे आणि मागणारा त्याच वॉर्डचा डॉक्टर किंवा थेरपिस्ट आहे, तर तो नाही म्हणणार कसा? म्हणून विचारणारा वेगळा माणूस असावा, लेखी असावं, आणि सुपरव्हिजनसाठी वेगळी परवानगी, शिकवण्यासाठी वेगळी, प्रदर्शनासाठी वेगळी, सोशल मीडियासाठी तर अगदी वेगळी, कारण भिंतीवरून चित्र उतरवता येतं पण इन्स्टावरचं परत येत नाही. नाव लावायचं की नाही हेही त्यालाच विचारायचं. आपण गुप्ततेच्या नावाखाली सरसकट नाव पुसतो, पण नाव हवं असणारेही असतात. नाझींनी ज्यूंना कोंडून ठेवलेल्या टेरेझिनच्या वस्तीत फ्रीडल डिकर-ब्रँडाइस ही आर्टिस्ट मुलांना चित्रं शिकवायची तेव्हा प्रत्येकाला स्वतःचं नाव लिहायला सांगायची. १९४४ मध्ये ऑशविट्झला नेण्याआधी तिने साडेचार हजारांच्या आसपास चित्रं दोन सुटकेसमध्ये लपवली, आणि त्यातल्या कितीतरी मुलांची नावं आज माहीत आहेत ती त्या सह्यांमुळे.

विक्रीचं तर अजूनच. दिवाळीच्या स्टॉलवर पेशंटनी रंगवलेल्या पणत्या विकणं हा कामाचा भाग आहे, थेरपीतली चित्रं ही वेगळी गोष्ट, दोन्हीची सरमिसळ करू नये. आणि कामाचंच म्हणाल तर २०१७ च्याच कायद्यात कोणाला जबरदस्तीने कामाला लावायचं नाही आणि काम केलं तर योग्य मोबदला द्यायचा असं आहे. "पैसे संस्थेच्या फंडात गेले" हे उत्तर तिथे चालत नाही.

हे सगळं पहिल्या सेशनच्या आधी एका पानावर लिहून सही घेतली तर निम्मी भांडणं होतच नाहीत. चालू असताना चित्रं कुठे राहतील, फोटो काढणार का आणि तो कोण बघणार, संपल्यावर कोण नेणार, न नेल्यास किती महिने ठेवणार आणि मग काय करणार. शेवटचं मुद्दाम लिहा, कारण कितीतरी लोक मधेच यायचे बंद होतात आणि फोल्डर पडून राहतं. तेव्हा एक मेसेज, एक पत्र, ठरलेली मुदत, आणि मग श्रेडर. रद्दीवाल्याला अजिबात नाही, उद्या कोणीतरी त्याच कागदात भेळ खात असेल.

त्या पानावर अजून एक ओळ असावी जी कोणीच लिहीत नाही, क्लायंटचंच निधन झालं तर चित्रं कोणाला द्यायची. तरुण मुलगा जातो, महिन्याभराने आई येते आणि म्हणते त्याचं जे काही असेल ते मला द्या. वारस म्हणून कॉपीराइट कदाचित तिच्याकडेच जाईल, पण त्यातली निम्मी चित्रं तिच्याबद्दलच असतात आणि त्याने ती तिला कधीच दाखवली नसती. अशा वेळी मी तरी सगळं फोल्डर उचलून देणार नाही आणि सगळं अडवूनही ठेवणार नाही, त्याने घरी दाखवलेली किंवा दाखवायची म्हटलेली देईन, बाकीच्यांबद्दल सुपरव्हायझरशी आणि वकिलाशी बोलेन. पण त्याने स्वतः एका ओळीत लिहून ठेवलं असतं तर मला हे ठरवावंच लागलं नसतं.